बेटाच्या गाण्यातला डाग

उजव्या कडेचा डाग तिने बासष्ट फ्रेममधून पुसला आणि त्रेसष्टाव्या फ्रेमवर तिचा हात थांबला. डाग वाकला होता.

डाग वाकत नाहीत. बुरशी पसरते, ओरखडा सरळ खाली उतरतो, धूळ एका फ्रेमला असते आणि पुढच्या फ्रेमला नसते. नऊ वर्षं ती हेच काम करत होती. जुन्या सिनेमाची एकेक फ्रेम मोठी करून बघायची आणि ठरवायचं, की हे चित्रातलं आहे की चित्रावरचं. चित्रावरचं असेल तर पुसायचं. एका सेकंदाला चोवीस फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमकडे चोराकडे बघावं तसं बघायचं. शंका घ्यायचा स्वभाव होता म्हणून हे काम मिळालं, की कामामुळे स्वभाव तसा झाला, याबद्दल तिचं आणि तिच्या नवऱ्याचं एकमत नव्हतं.

तिने त्या फ्रेम चालवून बघितल्या. निगेटिव्हला आवाज नव्हता, पण समोर चाळीस बायका ओळीने नाचत होत्या आणि त्या कमरेत लवल्या की डागही लवत होता. त्या वळल्या की तोही वळत होता. तिने बासष्ट फ्रेममधलं पुसलेलं सगळं परत आणलं आणि कडेचा भाग मोठा केला. ते कोपर होतं. काळं, बारीक, घामाने चमकणारं कोणाचं तरी कोपर.

सिनेमा घराघरांत पाठ असलेला. वाट चुकलेला एक नकाशे काढणारा तरुण, बेटावरची राजकन्या आणि दोघांच्या मध्ये दहा गाणी. त्यातल्या बेटाच्या गाण्यात चाळीस बायका नाचतात. चाळीसही जणी काळ्या, आणि चाळीसही जणींचा काळा रंग डब्यातला. राजकन्या मात्र गोरीच होती. बेटावर तिला एकटीलाच ऊन कसं लागलं नाही, हे पन्नास वर्षं कोणी विचारलं नाही. अलीकडे विचारायला लागले. एका वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिलं, की चाळिसांत एक तरी खरी घ्यायची होती. सिनेमाची नवी, स्वच्छ प्रत काढायला निघालेल्या कंपनीला ते चांगलंच झोंबलं. मग जाहिरात निघाली, की या गाण्यातल्या हयात नर्तकींनी अर्ज करावा, पडताळणी करून नव्या प्रतीच्या नामावलीत त्यांची नावं घालण्यात येतील. पडताळणीचं काम तिच्याकडे आलं, कारण ते गाणं तिच्याच टेबलावर होतं.

तिने ऑफिसात एक गोष्ट सांगितली नव्हती. तिच्या सासूबाई या गाण्यात होत्या. निदान सासूबाईंचं म्हणणं तसं होतं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात घरच्यांनी तिला हे सांगितलं होतं, आणि सांगताना ते एकमेकांकडे बघून हसले होते. सिनेमा टीव्हीवर लागला की सासूबाई खुर्ची पुढे ओढायच्या, बोट वर धरायच्या, आता, आता, असं म्हणायच्या, आणि बोट पडद्यापाशी पोचेपर्यंत दृश्य बदललेलं असायचं. गेलं, असं म्हणून त्या खुर्ची मागे घ्यायच्या. एकदा त्या ओळीत तिसऱ्या होत्या, एकदा शेवटून दुसऱ्या. सुनेने एकदा मुद्दाम विचारलं होतं, की कपडे कोणत्या रंगाचे होते. सासूबाई म्हणाल्या, लक्षात नाही. बाईला स्वतःच्या तरुणपणातले कपडे लक्षात नाहीत, हे काही सुनेला पटलं नव्हतं.

नवऱ्याला तर हा विषयच नको असायचा. शाळेत असताना त्याने वर्गात फुशारकी मारली होती. चार मित्र घरी येऊन सिनेमा बघून गेले आणि पुढची दोन वर्षं त्याला नटीचा मुलगा म्हणत राहिले. त्यानंतर तो सिनेमा लागला की तो उठून जायचा. त्याची आई त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बोट वर धरायची.

महिन्याभरापूर्वी सुनेने एक कोरा अर्ज घरी नेला होता, तो काही सासूबाईंचं भलं व्हावं म्हणून नव्हे. खोट्या माणसाचा हात सहीपाशी अडखळतो, तेवढं तिला बघायचं होतं. सासूबाईंनी अर्ज दोनदा वाचला, उलटून मागची बाजू कोरी असल्याची खात्री केली आणि म्हणाल्या, की पंचावन्न वर्षांनी ह्यांना आपली आठवण झाली म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मग चष्म्याचं निमित्त झालं, मग पेनाचं. अर्ज साखरेच्या डब्याखाली गेला आणि तिथेच राहिला. सुनेने मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. नवऱ्याने तर तो केव्हाच दिला होता.

आता तिने खुर्ची टेबलाशी नीट ओढून घेतली. हा तुकडा मूळ सिनेमातला नव्हता. मूळ निगेटिव्ह या गाण्यापाशी खराब झालं होतं, म्हणून त्या वेळी नापसंत करून ठेवलेल्या रिळांमधून तोच भाग शोधायचं काम चाललं होतं. आणि कॅमेरा जेवढं टिपतो तेवढं सगळं प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. चारी कडा थिएटरात झाकल्या जातात. कॅमेरा धरणाऱ्याला हे माहीत असतं, त्यामुळे अगदी कडेला कोण आलं, कोण गेलं, याची तो पर्वा करत नाही. कोपर नेमकं त्या झाकल्या जाणाऱ्या पट्टीत होतं.

ती रिळाच्या सुरुवातीला गेली, गाणं सुरू होण्याआधीच्या फ्रेमपर्यंत. बायका ओळीत उभ्या होत्या, एक जांभई देत होती, दुसरी डोक्यावरची फुलं दाबून बसवत होती. उजवीकडून साध्या छापील झग्यातली एक मुलगी आत आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. चेहऱ्याला रंग नाही, डोक्यात फुलं नाहीत. तिने काही न सांगता आपला उजवा हात पुढे केला आणि एका नर्तकीच्या हाताशेजारी धरला. हातात ब्रश घेतलेला एक माणूस खाली वाकला, दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघितलं, नर्तकीच्या मनगटावर दोन फटकारे मारले, पुन्हा बघितलं. मग पुढची नर्तकी. चार जणींच्या शेजारी त्या मुलीने हात धरला. काम झाल्यावर ब्रशवाल्याने तिला बोटांनी बाजूला सारलं, टेबलावरची फडकी सारावीत तसं, आणि ती चौकटीबाहेर गेली.

जाताना ती कॅमेऱ्याकडे वळली. सुनेला ओळख पटायला वेळ लागला नाही. हनुवटी नवऱ्याची होती.

म्हणजे सासूबाई नाचल्या नव्हत्या. इतक्या वर्षांचा संशय खरा ठरला होता आणि तिला बरं वाटायला हवं होतं. तिने पुढच्या फ्रेम चालवल्या. गाणं सुरू झालं, ओळ हलली, आणि कडेच्या पट्टीत कोपर आलं. मग खांदा आला. मग अर्धा चेहरा. ती मुलगी बाहेर गेलीच नव्हती. पडदा जिथे संपतो त्याच्या चार बोटं पलीकडे उभी राहून ती नाचत होती. हात, मान, वळण, सगळं त्या चाळीस जणींच्या बरोबरीने. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सुनेने ते गाणं शेवटपर्यंत पाहिलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, एकेक फ्रेम थांबवत. इथे काही फसवणूक आहे का, हे तिने सवयीने शोधलं. ती सापडली नाही.

मागे तिच्या विभागाच्या प्रमुखबाई उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते तिला कळलं नव्हतं.

प्रमुखबाईंना आनंद लपवता येत नव्हता. चार अर्ज आले होते, त्या चारही जणी रंगवलेल्या निघाल्या होत्या, एकीने दिलेला फोटो तर दुसऱ्याच सिनेमाचा होता. आणि इथे ही मुलगी, न रंगवलेली, हसरी, तरतरीत. त्यांनी ती हात पुढे करते ती फ्रेम थांबवायला सांगितली आणि खुर्ची ओढून बसल्या. जाहिरातीच्या चित्रासाठी हीच, असं त्यांचं ठरूनच गेलं. नामावलीत पहिलं नाव हिचंच आणि पुढे नर्तकी.

सून म्हणाली, की ही नर्तकी नाही, रंग जुळवायला आणलेली आहे, आणि नाचते ती चौकटीच्या बाहेर.

“बाहेर म्हणजे किती? चार बोटं,” प्रमुखबाई म्हणाल्या. “नाचतेय ना? मग नर्तकीच.”

“आणि हा शेजारचा हात?”

“तो कापू. एकटी जास्त छान दिसेल.” त्यांनी तळहाताने पडद्याचा डावा भाग झाकून बघितलं. “हे बघ, लोक म्हणतात एकही खरी घेतली नाही. आता म्हणू देत. कंपनीने तेव्हाही घेतली होती. ही जिवंत असेल का?”

खोटं बोलायचं तिला सुचलं नाही, किंवा सुचेपर्यंत उशीर झाला. ती म्हणाली, की माझ्या सासूबाई आहेत. प्रमुखबाईंनी तिच्याकडे क्षणभर तिच्याच नजरेने बघितलं, म्हणजे संशयाने. मग त्यांनी त्या फ्रेमची मोठी छापील प्रत काढून तिच्या हातात दिली, अर्जाबरोबर चित्राच्या परवानगीचा एक जास्तीचा कागद दिला आणि उद्या सकाळी दोन्हीवर सही हवी म्हणून सांगितलं.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून वाटाणे सोलत होत्या. तिने चित्र ओट्यावर ठेवलं. बोलायचं काय, हे तिचं वाटेत ठरलं नव्हतं.

सासूबाईंनी हात पुसले. चष्मा या वेळी लगेच सापडला. त्यांनी चित्र उचललं नाही, नुसत्या वाकून बघत राहिल्या, आणि त्यांचा उजवा हात आपोआप पदराखाली गेला.

“हे कुणी दिलं?”

“मला सापडलं, आई. माझ्याच टेबलावर.”

“आणखी कुणी बघितलं?”

तेवढ्यात नवरा कामावरून आला. पाणी प्यायला म्हणून आत आला आणि चित्र बघून थबकला. आपल्या आईचा तरुण चेहरा त्याने याआधी एकाच फोटोत पाहिला होता. तो बराच वेळ बघत राहिला. आधी चेहऱ्याकडे, मग झग्याकडे, मग त्या दोन हातांकडे आणि ब्रशकडे. त्याला कळायला लागलं तसा त्याचा आवाज खाली गेला.

“म्हणजे तू नाचत नव्हतीस.”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मला नाचायला बोलावलं नव्हतं.”

“मग आम्हाला इतकी वर्षं काय सांगत होतीस?”

सासूबाईंनी वाटाण्याची एक शेंग उचलली आणि न सोलता खाली ठेवली.

“मुलाला काय सांगायचं? तुझ्या आईचा हात नेला होता म्हणून?”

मग त्यांनी सांगितलं ते तुटक, अधूनमधून थांबत. स्टुडिओ वस्तीच्या पलीकडेच होता. एक माणूस आला आणि दारादारांत उभ्या असलेल्या मुलींचे हात बघत गेला. त्यांचा पसंत पडला. अकरा दिवस, सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा, रंग घामाने उतरायचा म्हणून. दुपारी सावलीत बसायला जागा होती, पण ती रंगवलेल्यांची होती. त्यांच्या शेजारी बसलं तर रंग पुसला जाईल म्हणून ह्यांना उठवायचे.

“त्यांना चाळीस जणी माझ्या रंगाच्या हव्या होत्या,” त्या म्हणाल्या. “मी नको होते. मला तेव्हा वाटायचं, एक दिवस त्यांच्या लक्षात येईल. एक जण आजारी पडेल आणि ते म्हणतील, अरे, ही आहे की. सगळं गाणं पाठ करून ठेवलं होतं.”

रागावलेला माणूस जसा उगाच एखादी वस्तू सरळ करतो, तसा नवऱ्याने माठावरचा पेला सरळ केला.

तेव्हा सून बोलली. नवऱ्याकडे न बघता, ऑफिसात अहवाल वाचावा तशा आवाजात. म्हणाली, की आई नाचल्यात. सांगितलेलं नव्हतं तरी नाचल्यात. पडद्यावर येत नाही त्या कडेला उभ्या राहून, सबंध गाणं.

“तू कधीपासून आईची बाजू घ्यायला लागलीस?” नवरा म्हणाला.

“बाजू नाही घेत. एकेक फ्रेम बघितली आहे मी.”

तिला तो चांगला ओळखत होता. जे दिसलं नाही ते दिसलं म्हणणारी बाई ती नव्हती, पाहुण्यांच्या बाळालासुद्धा ती कधी नुसतंच गोड म्हणत नसे. त्याने चित्र उचललं आणि उजेडात नेलं.

मग तिने कंपनीचं म्हणणं सांगितलं. नामावलीत पहिलं नाव, पुढे नर्तकी. चौकाचौकांत चित्र. दोन सह्या.

सगळ्यांत आधी हलला तो नवरा. तो म्हणाला, की दे करून. इतकी वर्षं हेच तर हवं होतं ना, आता लेखी मिळतंय. शाळेतल्या त्या चौघांतले दोघे अजून याच भागात राहतात, हेही तो म्हणाला, आणि म्हटल्यावर लाजला. सासूबाई लगेच हो म्हणतील अशी सुनेची खात्री होती, आणि म्हणाल्या तर त्यांना कोणत्या तोंडाने अडवायचं हे तिला कळत नव्हतं. त्यांचं जन्मभराचं खोटं कंपनी शिक्का मारून खरं करून देत होती.

सासूबाईंनी मुलाच्या हातातून चित्र घेतलं.

“हे असंच लावणार?”

“नाही. शेजारचा हात कापून.”

त्यांनी अंगठा रंगवलेल्या हातावर ठेवला. ब्रश झाकला गेला, वाकलेला माणूस झाकला गेला. उरली एक हसरी मुलगी, कोणाला तरी हात देत असल्यासारखी. त्या बघत राहिल्या.

“बरी दिसते,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी अंगठा उचलला.

“नको.”

“आई, नाव येईल तुझं,” नवरा म्हणाला.

“मी खोटं बोलले ते घरात बोलले. मला नाचायचं होतं म्हणून बोलले. हे लोक बोलणार ते कशासाठी? मला सावलीत बसू दिलं होतं असं दाखवायला?” त्यांचा आवाज चढला नाही. “माझं खोटं मी त्यांना कशाला देऊ?”

साखरेचा डबा उचलून सासूबाईंनी खालचा अर्ज काढला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो सुनेपुढे सरकवला, कोराच.

सुनेने विचारलं, की पडताळणीत मी काय लिहू. रकाना तर एकच आहे, नर्तकी, हो किंवा नाही.

“तुला दिसलं ते लिही. रंग जुळवायला होती म्हणून लिही.”

“आणि नाचलात ते?”

“ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या कागदावर नको.”

“ते सहीशिवायही चित्र लावतील कदाचित. सिनेमा त्यांचा आहे.”

“लावू देत. कुणी विचारलं तर शेजारी काय होतं ते तू सांग. तू बघितलंयस.”

नवऱ्याने दिवा लावला. मग तो आईच्या शेजारी उभा राहून वाटाणे सोलायला लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं, दाणे घरंगळून ओट्यावर पडत होते आणि सासूबाई ते वेचून भांड्यात टाकत होत्या. एकदा त्यांनी वर न बघता विचारलं, सहज विचारल्यासारखं, पण वेचणारी बोटं थांबली होती.

“कसं झालं होतं?”

सून तयार नव्हती. छान म्हणावंसं तिला वाटलं. नवराही तिच्याकडे बघत होता, आज तरी म्हण, अशा नजरेने. पण ती नऊ वर्षं जे दिसतं तेच सांगत आली होती आणि सासूबाई तिलाच विचारत होत्या.

“चांगलं झालं होतं. फक्त तिसऱ्या वळणाला तुम्हाला उशीर झाला. त्या सगळ्या वळल्या आणि तुम्ही मागे राहिलात.”

सासूबाईंनी मान वर केली. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर तो जुना हट्ट होता, टीव्हीपुढे बोट वर धरताना असायचा तो.

“त्या अनवाणी होत्या,” त्या म्हणाल्या. “माझ्या पायात चपला होत्या.”